बारावी गाठ

सगळे तिला चिमटीकाकू म्हणत. मका कमरेएवढा झाला की अळी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत शिरते, आतला कोवळा भाग कुरतडते. तेव्हा दाणेदार औषध टाकावं ते काकूनेच. हातमोजे घालून, प्रत्येक पोंग्यात एक चिमूट. ना कमी, ना जास्त. ओळ संपली की तोंडाशी परत येऊन मक्याच्या पहिल्या ताटाच्या पानाला गाठ मारायची, म्हणजे पुन्हा औषध पडायला नको. ही खूण तिची तिलाच ठाऊक होती. कुणाला सांगायचं कधी तिच्या मनातच आलं नाही.

त्या दिवशी वीसपैकी बारा ओळी उरकून ती घरी आली, तर गोठ्यात धाकटी जाऊ गाभण गाईपुढे हिरवा मका टाकत होती.

"कुठून आणलास गं?"

"बांधाकडून. प्रत्येक ओळीच्या तोंडाचं एकेक ताट. बांधावर झुकली होती मेली."

काकूने गाईपुढचा चारा ओढला. गाय मान पुढे करून तोंडातला घास चावत राहिली.

"अहो, डॉक्टरांना फोन करा!" ती नवऱ्याला ओरडली. "बारा ताटांत औषध आहे!"

"अगं बाई!" जाऊ चाऱ्याकडे वळली. "गाठी दिसल्या हो मला. म्हटलं, जाऊबाईंच्या हाताला चाळा!"

"मोज आता. हातमोजे घाल आधी."

उरलेली ताटं चौदा निघाली. म्हणजे वीसपैकी सहा गेली. काकू एकेक पान चाचपत होती. सात गाठी. नऊ. अकरा. तीन ताटं बिनगाठीची. ढीग संपला.

"बारावी?" जाऊने विचारलं.

काकू गाईजवळ गेली. गाईच्या तोंडाला फेस नव्हता, पाय थरथरत नव्हते. पण पोटात काय गेलं ते डोळ्यांना कसं दिसणार? तिने गाईच्या पोटावर हात ठेवला. आतलं वासरू हललं.

"आणताना पेंढी बांधली कशाने होतीस?" तिने एकदम विचारलं.

"कशाने म्हणजे? त्यातल्याच एका ताटाने."

दोघी गुडघ्यांवर बसल्या. गव्हाणीखाली, गाईच्या मागच्या पायाशी, शेणात तुडवलेलं एक ताट पडलं होतं. पिळलेलं, पण अख्खं. काकूने ते उचललं, पोंगा उलगडला. आत जाड वाळूसारखं औषध जसंच्या तसं होतं, आणि बाहेरच्या पानाला तिची गाठ.

जाऊला रडू फुटलं. काकू गव्हाणीला टेकून नुसती बसून राहिली.

"डॉक्टर अर्ध्या तासात येतायत," नवरा दारातून म्हणाला. "की नको सांगू?"

"येऊ देत. बघू देत तिला एकदा."

जाऊने पदराने नाक पुसलं. "उद्या मी येते तुमच्याबरोबर. गाठ कशी मारता ते बघते."

"ये," काकू म्हणाली. "आणि तो पदर धुवायला टाक, हात धू. साबणाने, कोपरापर्यंत."

"दोनदा धुते, जाऊबाई."

"मी मोजणार आहे."