कुत्र्याला भुंकायची खोड कुणी लावली

माझं लग्न झालं एकसष्ट-बासष्ट सालात. कोरेगावजवळच्या त्या घरात मला सगळ्यात आधी आपलं मानलं ते मामंजींच्या शिकारी कुत्र्यानं. लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पलटणीतून पेन्शनीत आलेले, आणि सशाची शिकार हा त्यांचा एकच शौक. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, असा तेव्हा रिवाज. काही सांगायचं तर सासूबाईंमार्फत. आमचे हे नोकरीला परगावी. मला तर बोलल्याशिवाय अन्न पचत नाही, जीव नुसता कोंडून जायचा.

कुत्रं मात्र लय भुंकायचं. भिंतीवर कावळा बसला, भुंकलं. भांडं पडलं, भुंकलं. माळावर ससा झुडपातून निघायच्या आतच ह्याची दवंडी सुरू, मग ससा कसला सापडतोय! मामंजी त्याच्यापुढं ताठ उभं राहून पलटणीतल्या हिंदीत "खामोश" म्हणायचे. ते त्या हुकमालाही भुंकून जबाब द्यायचं. मग मामंजींनी शिक्षा म्हणून त्याला खळ्याभोवती पळवलं. दमले मामंजीच.

शेवटी त्यांनी हात टेकले. पलूसहून त्यांचा पलटणीतला दोस्त आला आणि ठरलं, की उद्या सकाळच्या ट्रकातून कुत्रं त्याच्याबरोबर जाणार.

खरं काय ते मला एकटीलाच ठाऊक होतं. मामंजी रानात गेले की मी भाकरी थापायला बसायची. कुत्रं दारात येऊन भुंकायचं, गप बसावं म्हणून मी चतकोर टाकायची. खाल्लं की गप. पुन्हा भुंकलं, पुन्हा चतकोर. तोंड उघडलं की भाकरी मिळते, हे त्याला मीच शिकवलं होतं. आणि खरं सांगू, त्यानं हाक मारावी असं मलाही वाटायचं. त्या घरात मला दुसरं कोण हाक मारत होतं?

सकाळी दोस्तानं साखळी हातात घेतली. मी पदर सावरला आणि सरळ अंगणात आले. "आवं मामंजी, त्याला धाडू नका. ही खोड म्या लावलीया." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी भाकरीचं सगळं सांगून टाकलं.

मामंजी मिशीवरनं हात फिरवत राहिले. मग साखळी परत घेतली आणि म्हणाले, "आता भुकलं की पाठ फिरवायची. गप बसलं की मगच टाकायचं. हुकूम हाय."

चार दिवस कुत्र्यानं घर डोक्यावर घेतलं. मी पाठ फिरवून रडत भाकऱ्या करपवल्या. पाचव्या दिवशी ते दारात मुकाट बसलं. मागनं मामंजी म्हणाले, "टाक, पोरी."

कुत्रं सुधारलं, पण एकदा बोलायला लागलेले मामंजी काही थांबेनात. रोज चुलीपुढं पाट टाकून मला लढाईच्या गोष्टी सांगायचे. एकदा सासूबाई पीठ मळता मळता म्हणाल्या, "तीस वरसं झाली संसाराला. माझ्याशी एवढं कवा बोलल्यात गं?" मी हसले. त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी दोन पाट मांडायला लागले.