तारेला शिवू नको

विष्णूकाका धातूच्या कुठल्याही वस्तूला आधी हाताच्या पाठीने शिवायचे. फ्रिजचं हँडल असो, लोखंडी फाटक असो, नाहीतर बँकेच्या दाराची मूठ. बोटांची मागची बाजू अलगद टेकवायची, जरा थांबायचं आणि मगच पकडायचं. "तळहातानं धरलास आनि करंट असला तर मूठ मिटते, सुटत नाय," ते सांगायचे. "पाठीनं शिवलास तर हात झटकला जातो." कुंभवलीत आमच्या आळीतली पोरं त्यांची नक्कल करायची. एकदा सत्यनारायणाला त्यांनी प्रसादाची स्टीलची वाटीसुद्धा तशीच घेतली, तेव्हा भटजींनाही हसू आवरलं नाही.

तारापूरच्या एका कारखान्यात वायरमन म्हणून त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. निवृत्त झाल्यावर ओट्यावर बसून मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायचे. इतका भित्रा माणूस विजेच्याच कामात कसा टिकला, हे आम्हाला कोडंच होतं. वस्तू उघडण्याआधी ते प्लग काढून स्वतःच्या मांडीखाली घेऊन बसायचे. घरात कुठे बटणाचा आवाज आला की ओट्यावरून ओरडायचे, "कोन हाय बटनाकडं? बोल आधी!"

"मीच हाय, दुसरा कोन असनार?" काकू आतून वैतागायच्या. "जेवायचा हाय ना? मग मिक्सर लावू दे."

मी बेंजो वाजवतो. आमच्याकडे हळदीला बेंजो पार्टी नसेल तर नवरदेवच रुसून बसेल. कळा दाबायच्या, तारा छेडायच्या, आणि तो आवाज इफेक्ट पेडलमधून धार लावून स्पीकरवर येतो. माझं पेडल जुनं, पण त्याची धार नव्या मशीनला नाही. रोग एकच. अॅडाप्टरची पिन जिथे बसते तिथलं कनेक्शन ढिलं होतं, ऐन रंगात आवाज खर्रकन तुटायचा. काडेपेटीची काडी खोचून, वर चिकटपट्टी मारून मी दिवस काढत होतो. चिंचणीची एक हळद तोंडावर आली आणि पेडलने मान टाकली, तेव्हा ते घेऊन काकांच्या ओट्यावर गेलो.

"हा बघ, पिनीच्या सॉकेटचा पाय तुटलाय," काका म्हणाले. त्यांनी जुना सोल्डर काढला, पाय सरळ केला, नवा सोल्डर दिला. रबरी चटईवर बसून अॅडाप्टरची पिन लावली आणि चारी बाजूंनी हलवून पाहिली. पेडलवरचा लाल दिवा एकदाही मिणमिणला नाही. बंद करण्याआधी त्यांनी सवयीने पेडलच्या पत्र्याला हाताची पाठ लावली आणि तशीच ठेवून काहीतरी ऐकत असल्यासारखे बसले. मी म्हटलं, "काय झालं काका?" "काय नाय. ने," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिंचणीत मांडव भरला होता. नवऱ्याला हळद लागली होती आणि करवल्यांनी एकमेकींवर तांबे ओतून अंगणात चिखल केला होता. आमच्यात वाद्याला पायताण घालून कोणी शिवत नाही. चपला काढायच्या, वाद्याच्या पाया पडायचं, मगच सुरुवात. मी जोडणी करून चपला काढल्या, ओल्या मातीत उभा राहून वाकलो, आणि फाटकातून आवाज आला, "शिवू नको! तारेला शिवू नको रे!"

एरवी लग्नाचा आहेर दुसऱ्याच्या हाती पाठवून घरी बसणारे विष्णूकाका रिक्षातून उतरून धावत येत होते. चेहरा पांढराफटक पडला होता. मांडवात हशा पिकला. नवऱ्याचा मामा म्हणाला, "आजोबांना नाचायची घाई झालीय, वाजव तू!" काकांनी कोणाकडे पाहिलं नाही. खिशातून टेस्टर काढून तारेला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला.

हशा जागच्या जागी थांबला. माझी बोटं त्या तारेपासून वीतभरावर होती.

"अॅडाप्टर आतून गेलाय," काका धापा टाकत म्हणाले. "बोर्डाचा करंट पेडलमधून सरळ तारेवर येतो. काल पत्र्याला हात लावला तवा जराशी झिणझिण लागली. सगळे म्हनतात मी उगाच घाबरतो, म्हनून बोललो नाय. आज आंघोळीला पायाखाली पानी आला आनि आठवला, तू अनवानी वाजवतोस. अॅडाप्टर गेला तवा जोड तुटलेला होता म्हनून वाचलास रे. तो मी जोडून दिला."

त्यांनी अॅडाप्टर उपटून खिशात घातला आणि पेडलच्या पोटात सोबत आणलेली चौकोनी बॅटरी बसवली. पुन्हा टेस्टर टेकवला. दिवा लागला नाही. "आता चप्पल घाल," म्हणाले. मी म्हटलं, "काका, चपलेनं कसं शिवू?" त्यांनी भर मांडवात माझ्यापुढे हात जोडले. शेवटी नवऱ्याच्या आत्याने घरातून कोरडा पाट आणून दिला, त्यावर मी उभा राहिलो.

खरं सांगतो, त्या दिवशी मी वाजवलं ते जीव मुठीत धरून. प्रत्येक सुराला वाटायचं, आता बसतोय झटका. समोर अख्खा मांडव नाचत होता आणि काका बोर्डाशी उभे होते, बोट मेन स्विचवर, डोळे माझ्या हातांवर. शेवटपर्यंत ते जागचे हलले नाहीत. त्यांच्याकडे पाहिलं की माझी भीती दुप्पट व्हायची, आणि नाही पाहिलं तर वाजवणंच सुचायचं नाही.

काकांना जाऊन आता वर्ष होत आलं. झोपेतच गेले. आळीत अजून त्यांच्या भित्रेपणाचे किस्से रंगतात. मी त्यात बसलो की त्या संध्याकाळच्या परतीच्या रिक्षाबद्दल सांगतो.

"कसं वाजलं काका?" मी विचारलं होतं.

"नाय ऐकला मी. बोटं बघत होतो."

"एवढी भीती करंटची?"

ते म्हणाले, "करंटची नाय रे. माझ्या पायांची. कंपनीत माझा जोडीदार पॅनलला चिकटला. माझ्या डोळ्यांसमोर. स्विच तिथंच भिंतीला होता. मला धावायचा होता, पन पाय उचलंचना. दुसऱ्या कोनी धावून बंद केला, तवर तो गेला. म्हनून आज आधीच बोर्डाकडं जाऊन उभा राहिलो. परत तसाच झाला असता तर?"

मी जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगितलं. "काका, आज तुम्ही धावलात. रिक्षातून उतरून फाटकापासून मांडवापर्यंत धावत आलात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून चिखलाने भरलेल्या आपल्या पायांकडे पाहिलं.

"धावलो काय मी?" त्यांनी विचारलं.