गौरीचे मुखवटे कसे गुंडाळावेत?

आमच्या हेल्पलाइनच्या खोलीत कपाट एकच, त्यात फायली मोजून चार. किस्से मात्र इतके साठलेत की ठेवायचे कुठे हा प्रश्न आहे! फोन करणाऱ्याचं काही बाहेर बोलायचं नाही, हा आमचा पहिला नियम. त्यामुळे आम्ही एकमेकांचेच किस्से सांगत बसतो. खाली तीन ठिकाणी फोन करणारी माणसं येतात. दोघांची ओळख पटेल असं सगळं मी काढून टाकलंय. तिसऱ्या एक बाई आहेत, त्यांनी स्वतःच "सांगा हो सगळ्यांना" म्हटलंय, तरी त्यांचं गाव मी बदललंय.

डोंबिवली पूर्वेला, एका पोळी-भाजी केंद्राच्या वर आमची खोली. जगणं नकोसं झालेल्या माणसांचे फोन घ्यायचे, हे काम. पगार नाही. चहा मिळतो, तोही आपला आपण करायचा.

*

ट्रेनिंगमध्ये मला सगळं जमलं, एक सोडून. समोरच्याला थेट विचारायचं असतं, "जीव द्यायचा विचार मनात येतोय का?" आडून नाही, घुमवून नाही. विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. पटत होतं हो, पण जीभच उचलेना! शेवटी घरी प्रॅक्टिस करायची ठरवली. आमचे हे जेवत होते. मी समोर बसले, डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?"

ह्यांनी ताटाकडे बघितलं. "अजून तरी नाही. पण उद्या परत कारलं केलंस तर सांगता येत नाही!"

*

आमचे पाटकर काका कल्याणचे, पोस्टातून रिटायर झालेले. त्यांची खासियत म्हणजे गप्प बसणं. पलीकडचा बोलायचा थांबला की आम्हाला काहीतरी भरायची घाई होते. काका मात्र निवांत. एकदा पलीकडून आवाज आला, "हॅलो, आहात का?"

"आहे ना," काका म्हणाले, "मला कुठे जायचंय?"

तो माणूस म्हणे त्यानंतर पाऊण तास बोलला. फोन ठेवताना काकांना सर्दी झालेली ऐकून त्यानेच सांगितलं, "काका, हळद घालून दूध घ्या." काकांनी घेतलंही!

*

तिसऱ्या कुंदाताई. मानपाड्याच्या, पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच. आवाज असा की फोनची गरज नाही. एका मुलाने त्यांना सांगितलं, "मी ऑनलाइन एका फोरमवर असतो. तिथे सगळे माझ्यासारखे. मला समजून घेतात, कोणी अडवत नाही."

"मी अडवणार रे," कुंदाताई म्हणाल्या, "माझा स्वभावच तसा हाय. आणि मला सांग, तिथं कोणाला बरं वाटायला लागलं तर त्याचं काय करतात?"

मग मुलगा म्हणाला, "त्याला काढून टाकतात."

"मग तू इथंच ये. हितं बरा झालास तरी फोन करता येतो!"

आणि तो करतो! परवा नोकरी लागल्याचं सांगायला केला. कुंदाताईंनी पहिलं काय विचारलं असेल? "जेवलास का?"

*

मागच्या वर्षी आमच्या समितीला वाटलं, आपणही काळाबरोबर जावं. मेसेजवर येणाऱ्यांना आधी चॅटबॉटने उत्तर द्यायचं, मागे आमच्यापैकी एकाने बसून लक्ष ठेवायचं. ते बसवायला ठाण्याहून निनाद आला. सत्तावीस वर्षांचा, हुशार, नम्र पोरगा. आल्या आल्या म्हणाला, "ताई, हा कधीच थकत नाही."

पाटकर काकांनी चष्मा पुसला आणि खोटं नाव घेऊन टाइप केलं, "झोप लागत नाही. माझी भजनाची पेटी देऊन टाकावीशी वाटते." बॉटने लगेच पेटीची जाहिरातच लिहून दिली! वर झोपेसाठी पाच मुद्दे.

"जाहिरात झकास आहे," काका म्हणाले, "फक्त का देताय, हे विचारायचं राहिलं."

"तेवढं सुधारतो," निनाद म्हणाला. त्याने सुधारलंही. पेटीपुरतं.

*

होळी नुकतीच झालेली. सकाळचे अकरा. खालून कांदा परतल्याचा वास येत होता. स्क्रीनवर मेसेज आला, शहाडच्या एका बाईंचा. "एकच विचारायचं होतं. गौरीचे मुखवटे आंबिवलीला जावेकडे पाठवायचेत. कसे गुंडाळावेत?"

बॉट म्हणाला, "किती सुंदर परंपरा!" मग मऊ सुती कापड, मग बुडबुड्यांचं प्लास्टिक, मग खोक्यावर 'नाजूक वस्तू' लिहा. निनाद खूश. "बघा, किती मुद्देसूद!"

कुंदाताई खुर्चीतून उठल्याच. "अरे, होळीला कोण मुखवटे देतं? गौर यायला पाच-सहा महिने हायत! घरातली बाई आपल्या हातानं मुखवटे दुसरीकडं पाठवते म्हणजे काय रे?"

"म्हणजे काय?" निनादने विचारलं.

"म्हणजे तेव्हा आपण नसणार, असं तिनं धरलंय."

खरं सांगते, मीसुद्धा ते मुद्दे वाचून मान डोलावली होती. कुंदाताईंनी एका बोटाने टाइप केलं, "बाय, यंदा तुझ्याकडे गौर कोण बसवणार?"

उत्तर आलं, "मी नसेन."

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. थेट. आलेलं उत्तर एका अक्षराचं होतं, "हो."

बाईंचा नंबर मागून घेतला आणि पुढचा दीड तास कुंदाताई फोनवर होत्या, आवाज इतका हळू की मी पहिल्यांदाच ऐकला. बाईंना विचारून बोलावलेली बहीण त्यांच्या घरी पोचली, तिने फोन हातात घेतला, तेव्हाच कुंदाताईंनी ठेवला. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चहा टाका कोणीतरी."

चहा निनादने केला. गोड झालेला, पण सगळ्यांनी प्यायला. बॉट त्याच दिवशी बंद झाला आणि पुढच्या बॅचच्या ट्रेनिंगला निनादचं नाव पहिलं होतं.

*

भाद्रपदात गौरीपूजनाच्या दिवशी आम्ही बायका सगळ्या घरी अडकलेल्या. खोलीवर पाटकर काका आणि निनाद, त्याची चौथीच ड्युटी. सकाळी फोन वाजला, निनादने उचलला.

"कुंदाताई नाहीत का? अहो, शहाडहून बोलतेय. मुखवट्याचं विचारायचं होतं."

मुखवटा म्हटल्यावर पोराला होळीनंतरची ती सकाळच आठवली! काका सांगतात, तो उभाच राहिला. ट्रेनिंगमधलं सगळं उडालं, एक सोडून. घसा खाकरला आणि विचारलं, "तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"अरे बाळा, आज कुठला वेळ! दोन-दोन माहेरवाशिणी घरी आल्यात, सोळा भाज्या चिरायच्यात, पुरण वाटायचंय! धाकटीचा मुखवटा सारखा कलतोय, तू आधी त्याचं सांग!"