अर्धंच शिवलेलं जाळं

हरेश्वरभाऊ आत येताना दाराच्या चौकटीवर आदळले. डावा खांदा, चांगला जोरात. "अहो, सांभाळून," मी म्हणाले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. खुर्चीवर बसले आणि माझ्याकडे बघून हसले.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. विरारला माझी ओपीडी चालते. हरेश्वरभाऊ अर्नाळ्याचे, मासेमारीच्या बोटीवरचे तांडेल. म्हणजे बोट कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, हे ठरवणारे. होळीनंतर त्यांचा धाकटा भाऊ हार्ट अटॅकने गेला. भाऊ गेला तरी हे रडले नाहीत. पावसाळ्यात बोटी बंद होत्या, तेव्हा त्यांची बायको हिराबाई त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या. बोलत नाहीत, कशात मन लागत नाही, दिवसभर पडून असतात. मी दहा मिनिटांत डिप्रेशन ठरवलं आणि गोळी सुरू केली. खरं सांगते, त्या दहा मिनिटांचा मला अभिमानही वाटला होता.

त्याला आता दोन आठवडे झाले होते. हिराबाई बाजारात सुकी मासळी विकून थेट आल्या होत्या आणि घाईत होत्या.

"डॉक्टरबाय, गोली वाढवा. परवा बोट सुटनार. सात मानसं यांच्या भरवशावर जातात."

"काहीच फरक नाही?"

"कसला फरक! जालं शिवायला बसतात नि अर्धंच शिवून उठतात. जेवन पन तसंच. अर्धं ताट ठेवतात."

"भूक नसेल."

"भूक नाय कशी? वर भात मागतात! ताट फिरवून दिलं का उरलेलं सगलं खातात."

प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता माझा हात थांबला. "जाळ्याची कुठली बाजू राहते?"

"डावी. रोज डावीच."

उदास माणूस जेवण टाकतो, पण डावी-उजवी बघून टाकत नाही. मी टेबलभर गोळ्यांची दहा पाकिटं पसरली आणि म्हटलं, "भाऊ, सगळी उचला." त्यांनी उजवीकडची पाच उचलली. "झाली," म्हणाले. डावीकडची पाच त्यांच्या नाकासमोर होती. डोळे ठीक असूनही मेंदूचा उजवा भाग दाबला गेला, की कधीकधी माणसासाठी जगाची डावी बाजू उरतच नाही.

"डोक्याला मार लागला होता का?" हे मी पहिल्या दिवशीही विचारलं होतं. तेव्हाही हिराबाईंनीच "नाय" म्हटलं होतं, आताही त्याच म्हणाल्या.

"पावसाच्या आधी बोट वर ओढली, तेव्हा तुम्ही तिथे होता?"

"मी बाजारात. खलाशी होते, मोरेश्वर नि बाकीचे."

"लावा फोन. स्पीकरवर."

बोट ओढताना भाऊंना काय लागलं, असं मी विचारताच मोरेश्वर आधी चाचरला. "वहिनी हाय का तिथं?"

"आहेत. जे झालं ते बोला, वेळ नाही."

"बोट ओढायच्या दोराची कप्पी सुटली नि तांडेलाच्या डोक्याला लागली. घटकाभर बसून राह्यला. रगत नाय आलं. बोलला, घरी सांगू नको. भाऊ गेल्यापासून बायको बोट विकायला सांगते, हे कललं तर बोट जानारच."

हिराबाई नवऱ्याकडे वळल्या. तेवढ्यात हरेश्वरभाऊंची मान पुढे कलंडली. हाक मारली तर डोळे उघडत होते, लगेच मिटत होते.

सीटी स्कॅन सेंटर दोन इमारती सोडून होतं. स्ट्रेचर येईपर्यंत मी नाडी धरून उभी होते. काचेपलीकडच्या टेक्निशियनने मला नुसती मान हलवून बोलावलं. उजवीकडे कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्ताचा जाड थर. याला क्रॉनिक सबड्युरल म्हणतात. मारानंतर एखादी बारीक शीर झिरपत राहते, रक्त आठवडेच्या आठवडे साठतं आणि मेंदू दाबत जातं. घरचे म्हणतात, मन लागत नाही. डॉक्टरही तेच म्हणते.

मी न्यूरोसर्जनना फोन लावला. ते माझे सीनियर.

"तू काय देत होतीस?"

"अँटीडिप्रेसंट."

"त्याने ब्लीडिंग वाढू शकतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर."

"अँब्युलन्समध्ये तू बस. मी ऑपरेशन थिएटर तयार ठेवतो."

ऑपरेशन म्हणजे कवटीला ड्रिलने दोन भोकं पाडून रक्त काढून टाकायचं. संमतीचा कागद पुढे केला, तर हिराबाईंचा हात उचलेना.

"डोकं उघडलं तं भावाचा इसर पडंल का यांना?"

"तसं होत नाही, ताई."

"मंग तो डोक्यात कुठं हाय?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण आता थांबलो तर हे राहणार नाहीत." त्यांनी सही केली.

तिसऱ्या दिवशी हरेश्वरभाऊंनी अख्खं ताट संपवलं. डावीकडचं लोणचंही. पाचव्या दिवशी हिराबाईंचा घाबरून फोन आला. "पहाटेपासून रडतात. भावाचं नाव घेतात. आप्रेशन बिघडलं का?"

"नाही ताई. उलट आता नीट झालंय. आता माझं काम सुरू."

म्हणजे दुःख होतंच, माझं निदान निम्मं बरोबर होतं. पण त्या निम्म्या निदानापायी माणूस जिवाला मुकणार होता.

ठरल्या दिवशी बोट त्यांच्याशिवाय गेली. मोरेश्वरने नेली. हरेश्वरभाऊ अजून माझ्याकडे येतात, चौकटीला न धडकता, आणि तासभर भावाबद्दल बोलतात. बोट विकायची की नाही, हे नवरा-बायको आता एकमेकांसमोर भांडून ठरवताहेत.

माझ्या केसपेपरवर नातेवाइकाच्या नंबरखाली मी एक रकाना वाढवलाय: कामावरच्या सोबत्याचा नंबर. तो भरल्याशिवाय मी कुणाच्याही कागदावर 'कशात मन लागत नाही' असं लिहीत नाही.