पाय पाहणारी व्हर्नेल

मिसिसिपीच्या सपाट कापूसपट्ट्यात व्हर्नेल टॉलिव्हर ही काळी बाई अकरा वर्षं मिसेस हॅडली नावाच्या गोऱ्या म्हातारीचे पाय धूत होती. म्हातारीला साखरेचा आजार. रोज सकाळी तळव्याखाली आरसा धरायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, टाचांना मलम चोळायचं. डोळ्यांत तेल घालून केलं तिनं ते काम. साखर तिलाही होती, पण तिचे पाय बघायला कोण येणार? घरी आली की तसलाच एक आरसा ती स्वतःच्या तळव्याखाली धरायची.

मार्चमध्ये म्हातारीच्या अंगठ्याखाली फोड दिसला. व्हर्नेलनं म्हातारीच्या मुलाला हाक मारली आणि दुपारी गाडी शंभर मैलांवरच्या शहरात, मोठ्या डॉक्टरांच्या दारात. म्हातारीचा पाय मांडीवर घेऊन व्हर्नेलच मागं बसली होती.

"हे वेळेत कुणी पाहिलं?" मुलानं व्हर्नेलकडे बोट दाखवलं. "नजर भारी आहे हं!" डॉक्टर म्हणाले. पाय वाचला.

ऑगस्टमध्ये तसाच फोड व्हर्नेलच्या पायाला. त्याच दिवशी दिसला हो तिला! पण गावातला दवाखाना कधीचाच बंद पडलेला, आणि तिला विमा नाही. तिनं शहरातल्या दवाखान्यात फोन लावला.

"सहा आठवड्यांनंतरची वेळ आहे, मॅडम," तिकडची मुलगी म्हणाली.

"अगं बाई, तोवर पाय राहील का माझा?"

"मी तरी काय करू?"

मग काय, व्हर्नेल त्याच पायावर उभी राहून म्हातारीचे पाय धूत राहिली. ही कुठली मेली रीत? एकीला त्याच दिवशी डॉक्टर, अन् तिचे पाय जपणारीनं सहा आठवडे कुजत बसायचं!

चौथ्या आठवड्यात ती तापानं फणफणली, तेव्हा चर्चच्या गाडीत घालून तिला शहरात नेलं. डॉक्टर तेच. पट्टी सोडून त्यांनी नाक मुरडलं.

"गुडघ्याखालून कापावा लागेल. तुम्ही लोक पायाकडे कधी बघतच नाही का?"

तिला त्यांनी ओळखलंही नव्हतं. सहीसाठी पुढं केलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'रुग्णानं पायाकडे दुर्लक्ष केलं.' व्हर्नेलनं पेन खाली ठेवलं.

"मार्चमध्ये मिसेस हॅडलींचा फोड मीच दाखवला होता, डॉक्टर. माझ्या नजरेचं कौतुक केलंत तुम्ही."

तिनं कागद त्यांच्यासमोर सरकवला.

"पाय कापायचाय तो कापा. पण आधी ही ओळ खोडा."

त्यांनी ती खोडली. मगच तिनं सही केली.