मुठीला सुटलेला घाम

सुरीची मूठ पुन्हा ओली होती. सकाळी मी स्वतः ती कोरड्या फडक्याने पुसून खिळ्याला अडकवली होती. दुकानाचं छप्पर गळत नव्हतं आणि दिवसभरात तिला कोणी हात लावला नव्हता. दिवेलागणीला पाहतो तर मुठीच्या टोकाशी थेंब जमलेला. बोटाला लागला तो गार आणि जरा चिकट. माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

एका कंपनीच्या टूलरूममध्ये उमेदीची वर्षं घालवून मी रिटायर झालो आणि ओतूरला एसटी स्टँडमागे दुकान टाकलं. विळे, कोयते, सुऱ्या यांना धार लावायची, मुठी दुरुस्त करायच्या. भुताखेतांची कामं मी घेत नाही. ही सुरी मात्र तसलीच होती, निदान आणणाऱ्यांच्या मते.

आणली होती ठकूबाईने. वरच्या वाडीवर तिची मेंढरं आहेत. नवरा वैशाखात गेला. मेंढ्यांची वाढलेली खुरं साळायला त्याने वीस वर्षं हीच सुरी वापरली. पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेली, चामडी मुठीची. म्हणजे चामड्याच्या गोल चकत्या एकावर एक ओवायच्या, दाबायच्या आणि घासून गुळगुळीत करायच्या. अशी मूठ हातात झकास बसते, पण तिला जपावं लागतं. कोरडी पडली की चकत्या सुटतात, तेल जास्त पाजलं की फुगतात. लोक खोबरेल चोपडतात आणि वर मलाच विचारतात, मूठ सैल कशी झाली.

मी सुरी उजव्या हातात धरली, बसेना. डाव्या हातात घेतली तर चपखल बसली. वर्षानुवर्षं धरून मुठीत बोटांचे खळगे पडतात. इथे तीनच होते. करंगळीच्या शेजारी चामडं सपाट होतं.

"मालकांना डाव्या हाताला एक बोट कमी होतं का?" मी विचारलं.

ठकूबाई चटकन पुढे झाली. "कडबाकुट्टीत गेलं व्हतं," ती म्हणाली. "तुमी पाह्यलंय त्यांना?"

मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. तिचा विश्वास बसला नाही.

पाऊस लागल्यापासून मुठीला घाम सुटत होता. दीर म्हाळूचं म्हणणं, भावाचा जीव सुरीत अडकलाय. सर्वपित्री अमावस्येपर्यंत घाम थांबला नाही, तर तो सुरी मांडवी नदीत सोडणार होता. घरात दुसरं कोणी तिच्या बाजूने बोलायला नव्हतं.

"सुरी ऱ्हायली पायजे, भाऊ. दुसरं काय न्हाई मागत."

जाता जाता तिने आणखी एक सांगितलं. संध्याकाळी मेंढरं आत शिरण्याआधी सुरी टांगलेल्या मेढीपाशी, म्हणजे दारातल्या खांबापाशी, थांबतात. ओरडत नाहीत. एकेक मेंढी पुढे होते, मुठीला तोंड लावते आणि आत जाते. मी ऐकलं आणि सोडून दिलं. गिऱ्हाइकं बरंच काही बोलतात.

तर त्या संध्याकाळी थेंब बघून मी घाबरलो, आणि घाबरलो म्हणून स्वतःवरच चिडलो. थेंब जिभेला लावला. खारट. आमच्या मंडळींनी आतून पाहिलं आणि मेलेल्या माणसाची सुरी चाटता म्हणून चांगली खरडपट्टी काढली. पण कोडं सुटलं होतं. मेंढरांना खडेमीठ चारावं लागतं. हा माणूस ते तळहातावर चारत असणार आणि त्याच हाताने सुरी धरत असणार. मीठ आणि घाम वीस वर्षं चामड्यात मुरले. तो होता तोवर रोजच्या वापरात मूठ पुसली जायची, म्हणून कोणाला दिसलं नाही. पावसाळी हवेत मीठ पाणी ओढतं, हे घरातली बरणी बघून कोणालाही कळेल. मेंढ्याही मिठासाठीच यायच्या.

मग रीतसर काम केलं. शुद्ध पाण्यात भिजवलेले टिपकागद मुठीभोवती गुंडाळायचे. ते वाळताना मीठ शोषून घेतात. कागद काढायचे, नवे गुंडाळायचे. कागदांवर पांढरी साय धरायची. एका कागदावर तीन बोटांचे ठसे उमटले आणि करंगळीशेजारची जागा कोरी राहिली. तो मी पटकन ड्रॉवरमध्ये टाकला, बाकीचेही त्याच्यावर. शेवटी मूठ सावलीत वाळवली आणि मधमाशांच्या मेणाचा पातळ हात दिला. बाहेर पाऊस कोसळत असताना दोन दिवस दुकानात टांगून पाहिली. खडखडीत कोरडी.

अमावस्येला म्हाळू आला. मूठ दाबून, हुंगून पाहिली आणि नदीचं नाव न काढता सुरी घरी घेऊन गेला. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत त्या सुरीलाही हळदकुंकू लागलं. मी खूश होतो. कोणी विचारो न विचारो, सांगत सुटलो होतो.

दिवाळीनंतर ठकूबाई आली. पाऊस कधीच संपला होता, हवा इतकी कोरडी की ओठ फुटत होते. सुरी ठीक आहे म्हणाली. पण मेंढरं आता मेढीपाशी थांबत नाहीत, सरळ आत जातात, असं म्हणाली.

मी शहाणपणा केला. मेढीला मिठाचा खडा बांधा म्हटलं, येतील.

"मिठाला येतील वो," ती म्हणाली. "ह्यांच्याकडं कशी येतील?"

मला जड वाटलं, खरंच. सुरी दिली तेव्हाच तिने मेंढरांचं सगळं सांगितलं होतं आणि मी फक्त मुठीकडे बघत बसलो होतो.

"तुमी काढलेलं कुटं टाकलं?" तिने विचारलं.

मी ड्रॉवर उघडला. त्यात खिळे होते, सँडपेपर होता, सगळं कोरडं. टिपकागद ओले होते. नुसते दमट नव्हे, हाताला पाणी लागेल इतके. त्या हवेत ते ओले कसे, हे मला आजही सांगता येत नाही.

ठकूबाईला नवल वाटलं नाही. तिने तीन बोटांचा कागद वर घेतला, सगळे नीट जुळवले आणि पदरात बांधून नेले.

तेव्हापासून मूठ साफ करण्याआधी मी विचारतो, आतलं काढू की राहू देऊ? बहुतेक जण हसतात. एखादा मुठीवरून अंगठा फिरवत राहतो. त्याची मूठ मी नुसती पुसून देतो.