अक्काच्या सायकलीसाठी निवडलेलं कॅरिअर

माझी थोरली बहीण नर्स झाली तेव्हा मी धुळ्याला एका कापूस व्यापाऱ्याची मोटार चालवत होतो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. लग्नानंतर दोन वर्षांतच अक्काचा नवरा गेला. ती माहेरी आली, राहिलेली शाळा पुरी केली आणि जळगावला जाऊन सुईणपणाचं शिक्षण घेतलं. हे सगळं तिनं एकटीनं केलं. मी मात्र गल्लीत सांगायचो, बहीण जळगावला नातेवाइकांकडे असते.

तिची पहिली नेमणूक नरडाण्याच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात झाली. तिकडे जाण्याआधी ती आठ दिवस माझ्याकडे राहायला आली, ती नवी सायकल घेऊनच. हिरवी लेडीज सायकल, मागच्या चाकाला पातळ अडकू नये म्हणून जाळी, साखळीवर झाकण, आणि दोन्ही चाकांना खालपर्यंत येणारे पुरे मडगार्ड. दुकानदार साधी सायकल देत होता, ती तिनं घेतली नाही.

"पांढरं पातळ नेसून बाळंतिणीच्या घरी जायचं," ती म्हणाली, "चिखलानं माखून कशी जाऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सायकलवर बसून गल्लीतून बाजारापर्यंत गेली आणि परत आली. समोरच्या ओट्यावर बसणारे म्हातारे नाना उभे राहून बघत होते. मी दिसताच म्हणाले, "तुमच्या घरात आता बायकाही गाडी हाकतात वाटतं!" चार माणसं हसली. मीही हसलो, आणि घरात येऊन अक्कावर चिडलो.

"सायकल इथंच राहू दे. खेड्यात लोक काय म्हणतील?"

"आणि वस्त्यांवर मी काय उडत जाऊ?" ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

तिच्या निघण्याच्या दिवशी मालकाचे पाहुणे दुपारच्या गाडीनं नरडाण्याला उतरणार होते. मालक भला माणूस. म्हणाला, "सकाळीच नीघ. बहिणीला पोचव आणि येताना पाहुण्यांना घे." ट्रंक, वळकटी मागच्या सीटवर मावणार होती. सायकल टपावर न्यायची, तर कॅरिअर हवं होतं. म्हणून मी आदल्या दिवशी मोटारींच्या बॉडी बांधणाऱ्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो.

त्याच्याकडे दोन कॅरिअर होती. एक शर्यतीच्या सायकलीसाठी कुणीतरी करून घेतलेलं आणि न नेलेलं. त्यात सायकल उभी करायची आणि पुढच्या चाकावर वरून लोखंडी आकडा बसवून स्क्रूनं आवळायचा. दुसऱ्यात दोन्ही चाकं लोखंडी पट्टीत उभी राहत आणि बाजूचा एक दांडा सायकलीची नळी धरत असे. चाकाला वरून कशाचाही स्पर्श नाही.

मिस्त्रीनं विचारलं, "मडगार्ड आहे का?"

"आहे. पुरं."

"मग हे दुसरं न्या. आकडा मडगार्डवर बसला तर दाबून टाकील. फक्त लेडीज सायकलला वरचा दांडा नसतो, पकड खाली घ्यावी लागेल. दोन तास थांबा, करून देतो."

माझ्याकडे दोन तास होते. सबंध संध्याकाळ होती. मी म्हणालो, "वेळ नाही मिस्त्री, आकड्याचंच द्या."

तेव्हा माझ्या मनात नेमकं काय होतं, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. सायकल मोडावी असं मी शब्दांत ठरवलं नव्हतं. पण रस्त्यात तिला काही झालं तर ती परत धुळ्याला आणता येईल, आणि अक्का चारचौघींसारखी पायी किंवा बैलगाडीनं जाईल, एवढं डोक्यात नक्की येऊन गेलं होतं. सकाळी मी स्क्रू स्वतःच्या हातानं आवळला. पत्रा किंचित करकरला. अक्का तेव्हा आत देवाला नमस्कार करत होती.

रस्ता खड्ड्यांचा होता. पाऊस नुकताच सरला होता आणि गाड्यांच्या चाकोऱ्यांत पाणी साचलेलं होतं. मी खड्डे चुकवून गाडी चालवणारा माणूस, पण त्या दिवशी फारसे चुकवले नाहीत.

दवाखान्यापुढे मोटार थांबते न थांबते तोच धोतर खोचलेला एक माणूस धावत आला.

"बाई, मनी पोर सकायपाइन अडेल शे. चाला ना! बठ्ठा तुमनीच वाट देखी ऱ्हायनात."

त्याची लेक सकाळपासून बाळंतपणात अडली होती, आणि वस्ती दोन मैलांवर होती. वाट शेतांच्या बांधावरून जाणारी, मोटार जाणं शक्यच नव्हतं. बैलगाड्या शेतात गेलेल्या. अक्कानं ट्रंक उघडून औषधांची पिशवी काढली आणि मला म्हणाली, "भाऊ, सायकल उतरव लवकर."

मी उतरवली. पुढचं मडगार्ड चेपून टायरवर बसलं होतं, त्याची एक तार तुटून आऱ्यांत घुसली होती. चाक जागचं हलेना. तो माणूस एकदा सायकलीकडे, एकदा अक्काकडे बघत होता. रडावं की ओरडावं, हे त्याला कळत नसावं.

अक्कानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. "पाना दे."

ती मातीत गुडघ्यावर बसली. मी "मी करतो" म्हणालो, पण पाना नटावरून घसरत होता. तिनं तो माझ्या हातातून घेतला. गंजही न चढलेले ते नवे नट तिनं एकेक करून सोडवले, तार ओढून काढली, मडगार्ड बाजूला टाकलं. यात वीस-पंचवीस मिनिटं गेली. मग ती पिशवी अडकवून निघाली. तो माणूस पुढे पळत होता. पहिल्याच डबक्यात तिचं पातळ छातीपर्यंत काळं झालेलं मी पाहिलं.

मला थांबता आलं नाही. पाहुण्यांची गाडी येणार होती. त्यांना घेऊन मी धुळ्याला परतलो. त्या पोरीचं काय झालं, हे मला ठाऊक नव्हतं. पुढचे अकरा दिवस मी जेवायला बसलो, की ती पंचवीस मिनिटं समोर येत. बाराव्या दिवशी कार्ड आलं. मुलगा झाला, मायलेकरं सुखरूप आहेत, पुढचं मडगार्ड मिळालं तर घेऊन ये, एवढंच.

पुढच्या सुटीला मी मडगार्ड घेऊन एसटीनं गेलो. अक्का दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. ते तिच्या हातात देताना मी म्हणालो, "अक्का, मिस्त्री मला दुसरं कॅरिअर देत होता."

"तू गाड्यांत मुरलेला माणूस," ती म्हणाली. "तुझ्या हातून असं चुकून होत नाही, हे मला तेव्हाच कळलं. पण तेव्हा भांडत बसायला वेळ नव्हता."

तिनं मला माफ केलं असंही म्हटलं नाही आणि दोषही दिला नाही. एवढंच म्हणाली, "वस्तीवर जाऊन ये. ते बाळ बघून ये."

मी बांधावरून चालत गेलो. त्या माणसानं मला लांबूनच ओळखलं. खाटेवर घोंगडी अंथरली, शेंगा भाजायला सांगितल्या, आणि घरातल्या सगळ्यांना बोलावून म्हणाला, "हाऊ बाईना भाऊ शे. यानीच बाईले मोटारमा आनं." त्याच्या बायकोनं बाळ आणून माझ्या मांडीवर ठेवलं. पोरगी दाराआडून हसून बघत होती. शेंगांची टोपली समोर आली. त्यांना खरं सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा शेंगच तोंडात टाकली.

परत आलो तेव्हा अक्का मडगार्ड बसवत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "सांगितलंस त्यांना?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि तारेचं टोक माझ्याकडे करून, "हे नीट धर."